निवृत्तीपूर्वीची एक तजवीज

मनुष्य नोकरींत असतो तोंपर्यंत आजारपण ही त्याला केवळ रजेची बाब वाटते. ताप आला तर सरकारी दवाखाना आहे, शस्त्रक्रिया निघाली तर खर्चाची सोय आहे, आणि हें सारें पगाराप्रमाणेंच आपोआप चालत राहील अशी त्याची समजूत होऊन बसते. परंतु ज्या दिवशीं गळ्यांत हार पडतो व हातांत नारळ येतो, त्या दिवसापासून ही सोय आपोआप चालत नाहीं. ती मागून घ्यावी लागते. पेन्शनचे कागद तो कितीतरी आधींपासून जुळवीत असतो. औषधपाण्याचे कागद मात्र पहिलें मोठें दुखणें दारांत येईपर्यंत आठवत नाहींत.

केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९५४ सालीं दिल्लींत सुरू झालेली आरोग्य योजना आज मुंबई, पुणें व नागपूर येथेंही आहे. नोकरींत असतां तिची वर्गणी पगारांतून परस्पर कापली जाते. निवृत्तीनंतर मात्र अर्ज स्वतः करावा लागतो. २०१७ सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें वर्गणी हुद्द्यानुसार दरमहा २५० पासून १,००० रुपयांपर्यंत आहे. ती वर्षाच्या वर्षास भरतां येते. किंवा दहा वर्षांची रक्कम, म्हणजे ३०,००० पासून १,२०,००० रुपयांपर्यंत, एकदम भरली कीं कार्ड जन्मभराचें होतें. ग्रॅच्युइटीची रक्कम घराच्या डागडुजींत व लग्नकार्यांत वांटली जाण्यापूर्वीं हा भाग बाजूस काढणें शहाणपणाचें होय.

कारखान्यांतील किंवा पेढीवरील ज्या नोकरांचा राज्य विमा योजनेंत भरणा होत होता, त्यांचेंही दार बंद होत नाहीं. निदान पांच वर्षें विमा उतरलेला असून जो नियत वयोमानानें निवृत्त झाला, त्याला वर्षास अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठीं व पत्नीसाठीं वैद्यकीय मदत चालू ठेवतां येते. त्याला नोकरीचा दाखला मात्र लागतो. आणि तो दाखला निवृत्तीच्या आठवड्यांत जितका सहज मिळतो, तितका पुढें कारखाना हलल्यावर किंवा बंद पडल्यावर मिळत नाहीं.

ज्यांना यांपैकीं कोणतेंच छत्र नाहीं त्यांचें काय? २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेंत सत्तरी गांठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कांहींही असो, कुटुंबामागें वर्षास पांच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयांतील उपचारांची सोय झाली. जुनें दुखणें असलें तरी थांबावें लागत नाहीं. वय आधारकार्डावरून धरलें जातें. परंतु साठ आणि सत्तर यांमध्यें दहा वर्षें आहेत. महाराष्ट्रांत त्या वर्षांसाठीं महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. २०२३ च्या निर्णयानें ती पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही खुली झाली. म्हणून कपाटाच्या तळाशीं गेलेली शिधापत्रिका वर काढावी.

येथें एक सावधगिरी हवी. पांच लाखांचा आंकडा मोठा दिसतो. पण मधुमेहाची रोजची गोळी त्यांतून मिळत नाहीं, कारण ती सोय रुग्णालयांत दाखल होणाऱ्यासाठीं आहे. केंद्रीय योजनेच्या दवाखान्यांत ती गोळी मिळते. सत्तरी गांठल्यावर या दोहोंपैकीं एकच निवडावी लागते. तेव्हां मोठ्या आंकड्याकडे पाहून घरांतले चालू कार्ड सोडूं नये. राज्य विम्याच्या लाभार्थ्यांना मात्र दोन्ही ठेवतां येतात.

आणि या साऱ्या कागदांत जिचें नांव सर्वांत शेवटीं लिहिलें जातें, तिचा विचार सर्वांत आधीं व्हावा. पुष्कळ घरांत नोकरी पतीची असते; पत्नीचें माहेरचें नांव एका कागदावर, सासरचें दुसऱ्यावर, आणि जन्मतारीख अंदाजानें टाकलेली असते. पती हयात आहे तोंपर्यंत ही चूक तो स्वतः जाऊन दुरुस्त करूं शकतो. त्याच्या माघारीं, दुखण्यानें थकलेल्या त्या बाईनें कोणत्या खिडकीपुढें उभें राहावें? निवृत्तीच्या आदल्या वर्षीं एखाद्या रविवारीं दोघांनीं चष्मे लावून बसावें, तिचीं नांवें व तारखा एकास एक ताडून पाहाव्या, आणि कार्ड कोठें ठेवलें आहे हें तिलाही माहीत असावें.