भीतीचा झटका आणि माळ्यावरचा राखणदार

भीतीच्या झटक्याची, म्हणजे बोलण्यात रुळलेल्या पॅनिक अटॅकची, चर्चा बहुधा छातीतील धडधड, दरदरून सुटणारा घाम आणि जीव गुदमरणे यांच्यापाशीच थांबते. धडधडीसारख्या निरुपद्रवी संवेदनेचा ‘हा हार्ट अटॅकच’ असा भलता अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि काही मिनिटांतच हे चक्र शिगेला पोहोचते, ही डेव्हिड क्लार्क यांची १९८६ सालची मांडणी आता सर्वपरिचित आहे. त्यामागे आणखी एक थर असतो, याकडे मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी लक्ष वेधले. तो थर मेटाकॉग्निशनचा, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या विचारांविषयीच्या समजुतींचा.

‘शरीरावर सतत नजर ठेवली तरच धोका वेळीच कळेल’ ही त्यांतील एक समजूत आणि ‘विचार एकदा सुरू झाले की आवरत नाहीत, त्यांनी वेड लागेल’ ही दुसरी. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर बसलेला राखणदार पान सळसळले तरी पत्र्याचा डबा बडवतो, रानडुकरे फिरकली नाहीत की श्रेय डब्याला देतो, आणि जागरणाने डोके भणभणू लागले की आता आपल्याला झोप येणारच नाही म्हणून धास्तावतो. डबा खाली ठेवून पाहणे त्याला सुचत नाही. एसटीत दाराजवळची जागा धरून, मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजत बसणारा प्रवासी या राखणदाराचाच भाऊबंद होय. छातीची पहिली तक्रार डॉक्टरांकडून तपासून घ्यावीच. परंतु ईसीजी निर्दोष आल्यावरही मोजणे थांबत नाही, कारण ईसीजी हृदयाची ग्वाही देतो, मोजलेच पाहिजे या समजुतीला तो हातही लावत नाही. हे पुन्हा सांगणे भाग आहे: संवेदनेचा अर्थ बदलला, पण पहारा तसाच राहिला, तर पुढची सळसळ फार दूर नसते.

येथे घरच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावणे आवश्यक आहे. ‘विचारच करू नकोस’ हा सल्ला मायेचा असला तरी घातक आहे. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या माणसांच्या मनात ते अस्वल वारंवार डोकावते, हे डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात दिसले. मग रुग्णाला आपले विचार खरोखरच अनावर आहेत, अशी खात्री पटावी यात नवल ते काय?

अशी अनावरतेची समजूत पॅनिकच्या रुग्णांत ठळकपणे आढळते, मात्र ती कारण की परिणाम, हे एवढ्यावरून ठरत नाही. उपचारात काळजी ठरावीक वेळेपर्यंत लांबणीवर टाकण्यास सांगतात, कारण लांबणीवर पडणारी गोष्ट अनावर कशी म्हणावी? शिथिलीकरणानेच ज्याची भीती वाढे, अशा पॅनिकच्या रुग्णावर वेल्स यांनी १९९० साली लक्ष वळवण्याचा सराव वापरल्याचे प्रसिद्ध केले; या सरावात निरनिराळे आवाज आळीपाळीने आणि पुढे एकदम ऐकायचे असतात, आवाजांनी मन शांत व्हावे ही अपेक्षा नसते, लक्ष आपल्या मर्जीने हलते एवढेच अनुभवायचे असते.