जुन्या मोटारीचे इंजिन व डॅशबोर्ड : बदलण्यापूर्वीचा विचार

(दांडिया बाजार, वडोदरा येथे वाहनमालक, शिक्षक व कारागीर यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्रविद्येविषयी बोलावयास दांडिया बाजाराइतके औचित्यपूर्ण स्थळ क्वचितच आढळेल. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये स्थापिलेले कलाभवन येथून जवळच आहे. ज्याच्या हाती कसब आहे, त्याला त्या कसबामागील शास्त्रही आपल्या भाषेत कळावे, ही त्या संस्थेमागील दृष्टी होती. त्याच दृष्टीने आज आपण एका व्यावहारिक प्रश्नाचा विचार करू. घरी वडिलार्जित अँबॅसेडर, फियाट किंवा जीप आहे. इंजिन थकले आहे, डॅशबोर्डावरील काटे हलत नाहीत. अशा वेळी काय करावे ?

पहिला प्रश्न असा की, इंजिन बदलणे खरोखरच आवश्यक आहे काय ? निळसर धूर निघणे, तेल जळणे, चढावर दम न धरणे ही झिजेची लक्षणे होत. पुष्कळदा सिलिंडर बोअर करून, पिस्टन व रिंगा बदलून आणि व्हॉल्व्ह बसवून तेच इंजिन पुन्हा कामाचे होते. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचे संरक्षण मिळत असे. म्हणून दुरुस्तीच्या वेळी कठीण धातूच्या बैठकी बसवून घ्याव्यात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाणही वाढले आहे. त्याने जुने रबर फुगते व चिरते. यास्तव पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा नव्या प्रकारचा घालावा. एवढ्याने काम भागत असेल, तर इंजिन बदलू नये.

इंजिन बदलणे म्हणजे केवळ एक वस्तू काढून दुसरी ठेवणे नव्हे. पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसविण्याची पद्धत ग्रामीण भागात एकेकाळी फार रूढ होती. इंधनाचा खर्च कमी होई, ही गोष्ट खरी. परंतु डिझेल इंजिन वजनाने जड व हादऱ्याने तीव्र असते. पुढच्या स्प्रिंगा दबतात, चेसिसला तडे जाण्याचा संभव असतो आणि मूळ वजनासाठी योजलेले ब्रेक अपुरे पडतात. शिवाय, पेट्रोल इंजिनातील निर्वातावर चालणारा ब्रेकचा बूस्टर असेल, तर डिझेल इंजिनास स्वतंत्र निर्वात पंप जोडावा लागतो. तो न जोडल्यास पायाखालचा ब्रेक अचानक कठीण होतो. उतारावर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

कारखानेही इंजिने बदलीत आले आहेत. मॉरिस ऑक्सफर्डच्या बांधणीवर आधारलेल्या अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तोवर त्या गाडीत अनेक इंजिने येऊन गेली. १९९० नंतरच्या दशकात इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आले, तेव्हा त्यासोबत पाच गतींची गिअरपेटीही आली. इंजिनाबरोबर त्याचा परिवारही बदलावा लागतो, हा यातील बोध आहे.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून भिन्न ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून त्याच बनावटीचे व त्याच क्षमतेचे इंजिन घ्यावे, नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी आणि नवा इंजिन क्रमांक आर. सी. बुकात नोंदवून घ्यावा. सी. एन. जी.वर गाडी चालवावयाची असेल, तर मान्यताप्राप्त संच बसवून त्याचीही नोंद करावी. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी.

भंगार बाजारातून इंजिन घेताना पावती मागावी, क्रमांक खोडलेला नाही हे पाहावे. वडोद्याच्या अनेक कुटुंबांचे आप्त पुण्या-मुंबईस आहेत. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करावी लागते. त्या वेळी कागदावरील व इंजिनावरील क्रमांक जुळले नाहीत, तर प्रकरण अडते. अपघातानंतर विम्याच्या दाव्यावरही हाच आक्षेप येऊ शकतो.

डॅशबोर्डाचे काम वरकरणी सोपे वाटते. पण आग लागण्याचे भय तेथेच अधिक. जुन्या ब्रिटिश बांधणीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. हे न पाहता नवे मीटर किंवा रेडिओ जोडल्यास तो जळतो. जुन्या ॲमीटरमधून गाडीचा बहुतेक सर्व विद्युत्प्रवाह जातो. डायनॅमोऐवजी अधिक क्षमतेचा आल्टरनेटर बसविल्यास ते मीटर व त्याच्या तारा तापतात. तेथे व्होल्टमीटर घालावा व प्रत्येक मंडलास योग्य फ्यूज द्यावा. तापमान व तेलदाब दाखविणारी मीटरे त्यांच्याच सेन्सरसह बदलावीत. जोडी जुळली नाही, तर काटा खोटे सांगतो आणि इंजिन तापून बसते. गिअरपेटी किंवा चाकांचा आकार बदलला, तर स्पीडोमीटरही पुन्हा जुळवून घ्यावा.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांनी विशेष सावध राहावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. परंतु ती मूळ स्वरूपात असावी, चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी गाडीचे मूळपण हाच तिचा मान असतो. म्हणून डॅशबोर्डास नवी भोके पाडू नयेत. जादा मीटरे खाली वेगळ्या पट्टीवर बसवावीत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा.

शिक्षकबंधूंना एक विनंती. गावातील गॅरेज ही मुलांची प्रयोगशाळा होऊ शकते. निर्वात, विद्युत्मंडल, गिअरचे गुणोत्तर हे सारे तेथे डोळ्यांसमोर दिसते. आणि कारागीर बंधूंनी गिऱ्हाइकाचे काम हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी मागून घ्याव्यात : आर. सी. बुक आणि परवानगीचा कागद. त्यांत गिऱ्हाइकाचे हित आहे आणि कारागिराचेही.