किल्लींतील बॅटरी

मोटारीची किल्ली आतां नुसती दांतेरी पट्टी राहिलेली नाहीं. तिच्या मुठींत बिनतारी संदेश धाडणारें इवलेंसें यंत्र असतें, आणि त्यास वीज पुरविते नाण्याएवढी बॅटरी. पुष्कळ किल्ल्यांत ती २०३२ क्रमांकाची असते. व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर, हें माप त्या आंकड्यांतच आलें. दार उघडण्यास मोटारीच्या अगदीं जवळ जावें लागलें, कीं बॅटरी क्षीण झाली असें बहुधा समजावें.

ती घरींच बदलतां येते. कवचाच्या फटींत पातळ पेचकस घालून तें हलकेच उकलावें, अधिक चिन्हाची बाजू कोणीकडे होती हें ध्यानीं ठेवावें, आणि त्याच क्रमांकाची नवी बॅटरी तशीच बसवावी.

खरी दक्षता घ्यावयाची ती जुन्या बॅटरीविषयीं. मेजावर राहिलेली ही चकती रांगत्या मुलाच्या हातीं लागली, तर सरळ तोंडांत जाते. किल्लीस अपुरी पडणारी वीजही मुलास घातक ठरते. बॅटरी अन्ननलिकेंत अडकली, कीं तेथील ओलाव्यांतून प्रवाह वाहूं लागतो, दाहक क्षार उत्पन्न होतो, आणि दोन तासांतच नलिका आंतून भाजूं शकते. मूल आरंभीं रडेलच असें नाहीं. नुसती शंका आली तरी वांति करविण्याच्या खटपटींत न पडतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

याकरितां जुनी बॅटरी काढतांच तिच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावावी, उंच कपाटांत ठेवावी, व केरांत न टाकतां बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रांत पोंचवावी. कवच घट्ट मिटल्याची खात्री करावी. आणि किल्ली मुलास खेळावयास कधींच देऊं नये.