चुलींतली शक्ति जाते कोठें ?
(आलापल्ली येथें गांवकऱ्यांपुढें एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



आज मी तुम्हांस पुराण सांगावयास उभा नाहीं. सागाच्या रानांत आपला जन्म गेला. त्या लाकडाचाच हिशेब मांडावयाचा आहे.

ओंडका कापून झाल्याबरोबर करवतीच्या पात्यास हात लावून पाहा, चटका बसेल. तेथें विस्तव कोणीं ठेविला ? कोणींही नाहीं. कापणारानें सकाळीं भात खाल्ला. त्या भाताची शक्ति दंडांत आली, दंडांतून करवतींत गेली आणि घांसून घांसून तिची उष्णता झाली. भात तरी कोठून आला ? धानाच्या पानांनीं सूर्याचें ऊन घेऊन दाणा भरला. सागही त्याच उन्हावर वाढला. तेव्हां चुलींत जळतें तें सांठविलेलें ऊनच होय.

म्युनिच येथें तोफांना भोंक पाडतांना धातु तापतो हें पाहून रम्फर्ड यानें इ. स. १७९८ त जाहीर केलें कीं, उष्णता ही वस्तु नव्हे, ती गति आहे. पुढें इ. स. १८४५ च्या सुमारास इंग्लंडांत जूल यानें वजन खालीं सोडून पाण्यांतला पंखा फिरविला व पाणी किती तापलें तें मोजिलें. हा जूल बिअर करणाराचा मुलगा. शक्ति नाहींशी होत नाहीं, रूप पालटते, हें ज्ञान असें हातानें काम करून व मोजून मिळालें आहे.

कोणी विचारील, "मास्तर, शक्ति नाहींशी होत नाहीं, तर रोज नवी मोळी कां आणावी लागते ?" प्रश्न रास्त आहे. पोतेंभर तांदूळ रानांत उधळले तर दाणा नाहींसा होत नाहीं. पण ते वेंचून भात शिजत नाहीं. उष्णतेचें तसेंच आहे. ती वाऱ्यावर पांगली कीं पुन्हां गोळा होत नाहीं. चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतही कोळशाच्या उष्णतेपैकीं सुमारें तिसरा हिस्साच वीज होतो. बाकीची धुराड्यांतून व पाण्यांतून निघून जाते.

आतां घरचा हिशेब. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीस आणावयास जी शक्ति लागते, तीत एक टनाचा ओंडका ३० मीटर उंच उचलतां येईल ! एक किलो वाळल्या लाकडांत सुमारें ५० लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता असते. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर उकळतें पांच-सात लिटर. बाकीची मोळी वाऱ्यासाठीं वाहिली, असें समजा. आणि धूर ? त्यांत अर्धवट जळालेलें लाकूडच असतें. तें आईच्या डोळ्यांत व छातींत जातें.

कित्येक घरीं गॅस आला, तरी चूल गेलेली नाहीं. म्हणून सांगतों : लाकूड वाळवूनच जाळा. चुलीस तिन्ही बाजूंनीं आडोसा करा. भांड्यावर झांकण ठेवा. धुराला बाहेर वाट द्या. यास दमडी लागत नाहीं म्हटलें तरी चालेल.

माझ्या वर्गांत मोळीच्या दिवशीं एका मुलीची जागा रिकामी असते. चुलीनें निम्मीं लाकडें वाचविलीं, तर तितके दिवस ती शाळेंत येईल. मग सूर्याचें तेंच ऊन तिच्या हातांतल्या पेन्सिलींत उतरेल. माझ्या शब्दावर विश्वास ठेवूं नका. घरीं जाऊन आठ दिवस मोळ्या मोजा, आणि मग मला येऊन सांगा.