तोंडी साधने

सन्माननीय अध्यक्ष, सातपुड्याच्या पाड्यांवरून रात्रीचा प्रवास करून आलेल्या मायबहिणींनो, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील प्रतिनिधी बंधुभगिनींनो,

पांझरेच्या काठी वसलेल्या या धुळे शहरात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. आदिवासी व दलित वस्त्यांनी आपल्या आजाराची, उपचाराची आणि उपेक्षेची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगावी आणि ती टिपून ठेवण्यासाठी त्यांच्याच हाती लहान लहान रकमांची अनुदाने द्यावीत, एवढ्या एका विचारासाठी ही परिषद भरली आहे. आणि या विचाराला खानदेशाइतकी अनुकूल भूमी क्वचितच मिळेल, अशी माझी श्रद्धा आहे.

१९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि त्यांच्यासमवेत बंदिवासात असलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणूनच ती त्या भिंतींबाहेर देशभर गेली. जळगावजवळच्या आसोद्याच्या लेक बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. कामे करता करता त्यांच्या मुखातून आलेली गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली, १९५१ साली त्यांनी देह ठेवल्यावर पुढच्याच वर्षी ती ग्रंथरूप झाली, आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दफ्तरे धुंडाळीत आयुष्यभर हिंडले आणि १९२६ च्या अखेरीस याच शहरात कायमचे विसावले. त्यांनी जमविलेली साधने कागदाची होती. ज्यांच्या घरी कागदच नव्हता, त्या भिल्ल, पावरा आणि तडवी कुटुंबांची साधने जिभेवरच राहिली, आणि माणूस गेला की साधनही गेले. स्वातंत्र्यापूर्वी तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी आदिवासींना दारू सोडा, नित्य स्नान करा, एकमेकांस ‘आप’ म्हणा, असा उपदेश केला. आरोग्य आणि आत्मसन्मान एकाच श्वासात सांगणारी ती चळवळ किती म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरली असेल, याचा विचार मनाला चटका लावतो.

आजाराच्या हकीकतीही अशाच जिभेवर राहतात. सिकलसेल या रक्तविकाराचेच पाहा. १९१० मध्ये शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये तेच लक्षण निलगिरीच्या आदिवासींत आढळले, आणि आज ते आपल्या सातपुड्यात घरोघरी ठाऊक आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना आपली वेदना खरी आहे हे डॉक्टरांना पटवून देण्यासाठी पिढ्यान्पिढ्या झगडावे लागले, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून झोळीत घालून खाली आणलेल्या रुग्णाचे दुःखही याहून वेगळे नाही. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरविले, तपासण्या होत आहेत, हाती कार्डे पडत आहेत. त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी चारांत एक अपत्य रोगी निपजण्याचा संभव असतो, हे शास्त्र ज्या घरात जाऊन पोचते, त्या घरातील मुलीचे लग्न पुढे कसे जमते, थंडीच्या रात्री सांधे धरून रडणाऱ्या मुलाला बाप काय सांगतो, आणि मूल दगावले म्हणून डाकीण ठरविली गेलेली बाई कोणत्या वाटेने गाव सोडते, याला आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत रकाना नाही.

अनुदान लहान असावे, असा माझा आग्रह आहे. रक्कम मोठी झाली की तिच्यामागे संस्था येते, संस्थेमागे नमुने आणि तपासनीस येतात, आणि जिची कहाणी ऐकावयाची ती पाड्यावरची बाई अखेर ‘लाभार्थी’ होऊन कोठल्या तरी तक्त्यात बसते. एखाद्या आशाताईला मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्यापुरते, एखाद्या शिक्षकाला पावरीतील बोलणे देवनागरीत उतरविण्यापुरते, एखाद्या तरुणाला गावच्या चौकात ते ऐकविण्यापुरते पैसे मिळाले, आणि जमाखर्च एका पानात मावला, तर तेवढे पुष्कळ झाले. मात्र सांगणारीची परवानगी दोनदा घेतली जावी: एकदा बोलण्याआधी आणि एकदा तिचे बोलणे तिलाच ऐकवून झाल्यावर. नाव गाळा म्हणाली तर गाळावे, सारेच पुसा म्हणाली तर पुसावे, आणि त्यामुळे अनुदानाचा एक पैसाही परत मागू नये. ज्यांच्याकडून रक्ताचे नमुने नेले आणि ज्यांना निकाल मात्र समजावून सांगितला नाही, त्यांच्याशी तरी हा व्यवहार चोख असला पाहिजे.

आपल्या मुक्कामाची आणि भोजनाची व्यवस्था आम्ही आपल्या ऐपतीप्रमाणे केली आहे. कळण्याची भाकरी आहे, जळगावचे भरीत आहे, न्यून राहिल्यास हक्काने सांगावे. परिषदेच्या नियामक मंडळास मात्र यजमान या नात्याने माझी एकच विनंती आहे: या अनुदानासाठी भिली, पावरी, तडवी किंवा अहिराणीत कोणी तोंडी दरखास्त केली, तर आपल्यापैकी एकाने ती तेथेच लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, आणि अंगठ्यावर रुजू करून घ्यावी.