खांदेरीचा दिवा

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून पश्चिमेस पाहिलें म्हणजे समुद्रांत दोन बेटें दिसतात. जवळचें, लहान आणि बसकें तें उंदेरी. त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारें पांच किलोमीटरांवर, माथ्यावर दीपगृह असलेलें तें खांदेरी. इतिहासाचा शिक्षक या नात्यानें मीं हीं दोन नांवें तीस वर्षें मुलांना एका दमांत सांगितलीं, जणूं काय तीं सख्ख्या भावंडांचींच. प्रत्यक्ष बेटावर पाऊल पडलें तें मात्र निवृत्तीनंतर, गेल्या माघांत.

होडी उंदेरीला वळसा घालीत असतां वृद्ध तांडेलानें हात करून सांगितलें, “गुरुजी, हें सिद्दीचें, आणि तें पुढचें आपलें.” मी चपापलों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका सहामाही परीक्षेंत एका कोळ्याच्या मुलानें अगदीं हेंच लिहिलें होतें. आमच्या पुस्तकांत दोन्ही नांवें जोडीनें छापलेलीं. तेव्हां मीं त्याच्या वाक्यावर लाल रेघ ओढली आणि एक गुण कापला.

मुलगा बरोबर होता. 1679 सालीं शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनीं खांदेरीवर तट उभारण्यास आरंभ केला. मुंबईच्या बंदरांत शिरणारें प्रत्येक जहाज या बेटावरून दृष्टीस पडतें. त्यामुळें इंग्रजांची झोंप उडाली. त्यांनीं गलबतें पाठवून बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरांत मोठी झुंज झाली. तींत ‘डव्ह’ नांवाची इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. ‘रिव्हेंज’ मात्र तोफांच्या जोरावर निभावली. परंतु मला विशेष वाटतें तें त्या लहान होड्यांचें. अंगानें हलक्या, उथळ पाण्यांतून वल्ह्यांवर सरकणाऱ्या या होड्या रात्रीच्या काळोखांत शत्रूच्या जहाजांमधून निसटून बेटावर रसद पोंचवीत. थोरल्या जहाजांना त्यांचा पाठलाग करतां येईना. पुढें सिद्दीनें इंग्रजांच्या साहाय्यास म्हणून येऊन, 1680 च्या आरंभीं शेजारचें उंदेरी बळकावलें व तेथें स्वतःचा किल्ला बांधला. एकमेकांवर तोफा रोखलेलीं हीं दोन बेटें, आणि आम्ही शिक्षकांनीं त्यांची जोडी लावून दिली! कान्होजी आंग्र्यांच्या काळीं, 1718 सालीं, इंग्रजांनीं खांदेरीवर पुन्हां स्वारी केली, तीहि फसली.

बेटावर वेताळाचें देऊळ आहे. कोळी मंडळी त्यास फार मानतात. आमच्या तांडेलानें प्रथम तेथें नारळ ठेवला, मग दुसरी गोष्ट. वाटेंत एक खडक आहे, त्यावर दगडानें ठोकलें असतां भांड्यासारखा नाद निघतो. मीं दोनदां ठोकून पाहिला; या वयांत तिसऱ्यांदा ठोकणें शोभलें नसतें. तटावर गाड्यांसकट तोफा आहेत. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड खाल्लें आहे, पण तोंडें अजून समुद्राकडेच आहेत.

टेकडीच्या माथ्यावर दीपगृहाचा अष्टकोनी मनोरा. तो 1867 सालचा. ज्या बेटावर मराठ्यांचा दिवा लागूं नये म्हणून इंग्रजांनीं जहाजें पणास लाविलीं, त्याच बेटावर 188 वर्षांनीं त्यांना आपल्या जहाजांसाठीं दिवा लावावा लागला. बेटाची जागा तीच, खडक तेच. बेटास आतां कान्होजींचें नांव आहे.

दीपगृहाचें मर्म ज्योतींत नसून भिंगांत असतें. उघड्या दिव्याचा बहुतेक प्रकाश वर आकाशांत व खालीं जमिनीवर व्यर्थ जातो. फ्रेनेल नांवाच्या फ्रेंच इंजिनियरानें ज्योतीभोंवतीं कांचेच्या लोलकांचीं कडीं रचून तो सगळा प्रकाश क्षितिजाकडे वळविण्याची युक्ति काढली. फ्रान्सांतील कोर्दुआँच्या दीपगृहांत ती 1823 सालीं प्रथम योजिली गेली. शिवाय प्रत्येक दीपगृहाची उघडझांप निराळी ठेवितात, म्हणजे खलाशानें ती मोजली कीं कोणता दिवा तें त्यास उमगतें. एकाचें नांव दुसऱ्यास देण्याची चूक तेथें परवडत नाहीं.

2025 सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत बारा किल्ले घेतले, त्यांत खांदेरी आहे. उंदेरी नाहीं.

भरती लागण्यापूर्वीं आम्ही परतलों. अंधार पडेतों मी थळच्या वाळूंतच बसून राहिलों. खांदेरीचा दिवा लागला, झांकला, पुन्हां लागला. आणि प्रत्येक झोताबरोबर अलीकडची उंदेरीची काळी पाठ क्षणभर वेगळी दिसे. त्या मुलाचें नांव आठवण्याचा मीं बराच प्रयत्न केला. आडनांवापुढें स्मरण जाईना.