विश्वजाल : सर्वांसाठी खुले ठेवलेले दालन

इंटरनेट आणि वेब यांना आपण बहुधा एकच समजतो. वस्तुतः इंटरनेट हा संगणकांना जोडणारा रस्ता, तर वेब ही त्या रस्त्यावरून होणारी माहितीची एक वाहतूक होय.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ तेथे येत, काही काळ काम करीत व परत जात. त्यांच्याबरोबर माहितीही हरवत असे. एका लेखातील शब्दावरून थेट दुसऱ्या लेखापर्यंत जाता यावे, मग तो कोणत्याही संगणकावर असो, ही त्यांची कल्पना. १९९० च्या अखेरीस ती प्रत्यक्षात उतरली.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी 'गोफर' या प्रतिस्पर्धी पद्धतीसाठी मिनेसोटा विद्यापीठाने काहींकडून शुल्क घेण्याचे ठरविले आणि लोक तिच्यापासून दुरावले. वेब मात्र जगभर पसरले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेस उपलब्ध करून दिले.

यातून आपण कोणता बोध घ्यावा? माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार कित्येक प्रकारची माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावयाची असते. तरीही ग्रामपंचायतीचा ठराव कपाटात पडून राहिला, कर्मचारी बदलून जाताच त्याची माहितीही गेली, तर सर्नची ती जुनी अडचण आपल्याच कचेरीत कायम राहील. यंत्र आले आहे. कपाट उघडणे आपल्या हाती आहे.